चावदिवसाचं पत्रक

पाऊस संपला हे आमच्या घरात सगळ्यांच्या आधी आईच्या नाकाला कळायचं. आंबोलीत चार महिने धुकं घरात राहायला येतं. दारातून येतं, कौलांच्या फटीतून येतं, अंथरुणात शिरतं, मिठाच्या बरणीत पाणी होऊन बसतं. चपलांवर हिरवी लव उगवते. चुलीवर टांगून वाळवलेले कपडे घालून शाळेत गेलेली आम्ही मुलं एका बाकावर बसलो की भाजलेल्या बांगड्यांसारखा वास मारायचो. मग नवरात्राच्या आसपास एका सकाळी आई मागच्या दारात उभी राहून नाक वर करायची, दोनदा हुंगायची आणि म्हणायची, "गेला." त्यानंतरच्या तासाभरात घर उलटं व्हायचं. वाकळी, उशा, पाट, सुपं, बाबांची पुस्तकं, देवाच्या मागची फळी, सगळं अंगणात. मांजरसुद्धा बाहेर येऊन तापल्या दगडावर आडवं पडायचं. आम्ही मुलं त्या ऊन लागलेल्या वाकळींवर लोळायचो आणि आई ओरडायची, पण तिच्या ओरडण्यात जोर नसायचा, कारण तिलाही लोळायचं असायचं.

ते दिवसच वेडे होते. कड्यावर गेलं की खाली सगळं कोकण अंथरलेलं दिसायचं आणि पार शेवटी समुद्राची चकचकीत रेघ. मळ्यांमधून कापलेल्या भाताचा वास यायचा. वेलीवरची शेवटची जून तवसं, म्हणजे मोठ्या काकड्या, आई किसून, गूळ घालून त्यांचं धोंडस भाजायची, आणि टोपाच्या तळाची खरवड कोणाला यावरून मी आणि माझा धाकटा भाऊ एकमेकांचे केस ओढायचो. भुईमुगाच्या शेंगा मीठ घालून उकडल्या जायच्या आणि संध्याकाळभर वाडीत टरफलांचा कडकड आवाज चालायचा. आता आमच्या गावात लोक पावसासाठी येतात, धुक्यात फोटो काढतात, कणसं खातात आणि जातात. त्यांना मी काही सांगत नाही. खरी आंबोली ते गेल्यावर सुरू होते, आणि ती आमचीच राहावी एवढा स्वार्थ माझ्यात अजून आहे.

माझे बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि उरलेल्या वेळात अन्यायाच्या विरुद्ध होते. कुठल्याशा शाळेने भंगारात काढलेलं एक सायक्लोस्टाइल मशीन त्यांनी भाजीच्या टेम्पोतून, मांडीवर धरून, घाट चढवून आणलं होतं. मेणाच्या कागदावर लोखंडी टोकाच्या लेखणीने लिहायचं, कागद रुळावर चढवायचा, शाई लावायची आणि हँडल फिरवायचं. दर फेरीला एक पत्रक बाहेर पडायचं आणि प्रत्येक पत्रकाच्या उजव्या कडेला एक काळा ओरखडा उमटायचा, कारण रूळ तिथे चिरलेला होता. धबधब्याखालच्या बाटल्या, डोंगरावरची झाडतोड, हुंडा, अंगात येणं, असं काहीही बाबांच्या तावडीतून सुटत नसे. पत्रकाची सुरुवात 'बंधूंनो, जागे व्हा' अशी आणि शेवट 'एक नागरिक' असा. तो नागरिक कोण हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मी अक्षरं त्या पत्रकांवर शिकले. फुकट गेलेल्या प्रतींमध्ये आई आमची भाकरी बांधायची, त्यामुळे मधल्या सुट्टीत माझ्या भाकरीवर 'अन्याय' हा शब्द उलटा उमटलेला असायचा. बाबांनी माझं नाव क्रांती ठेवलं. वाडीने त्याचं कांता केलं आणि विषय संपवला.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी मी तेरा पूर्ण केली होती आणि वाडीत आमची नऊ घरं होती. आमचं घर सगळ्यात वर, आईची मैत्रीण सुलूकाकी हिचं सगळ्यात खाली, देवळाजवळ. दिवाळीच्या आधीचा आठवडा म्हणजे पोहे कांडण्याचा. खाली गिरण आली होती, पण चावदिवसाचे, म्हणजे नरकचतुर्दशीचे पोहे घरच्या नव्या भाताचे आणि घरी कांडलेलेच लागत. भिजवलेलं भात खापरात भाजायचं आणि गरम असतानाच जमिनीत पुरलेल्या दगडी व्हायनात ओतायचं. आई आणि सुलूकाकी समोरासमोर उभ्या राहायच्या आणि मुसळं आळीपाळीने पडायची, धप धप, धप धप, आणि मधल्या त्या निमिषात मी हात घालून भात हलवायची. माझी बोटं शाबूत आहेत ती त्या दोघींच्या तालामुळे. ताल असा पक्का की त्यावर त्यांच्या गजाली, कुणाची सून, कुणाची म्हैस, सगळं न अडखळता चालायचं. घरभर भाजल्या भाताचा वास आणि आमच्या केसांत कोंडा.

चावदिवशी सकाळी वाडीतल्या पुरुषांनी आणि लहान मुलामुलींनी घरोघर जाऊन पोहे खायचे अशी रीत. प्रत्येक घराचा एक प्रकार ठरलेला. कुणाचे दहीपोहे, कुणाचे गूळखोबऱ्याचे, आमच्याकडे बटाट्याचे तिखट आणि सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. सुलूकाकीकडे रसातले, म्हणजे नारळाच्या घट्ट रसात गूळ घालून त्यात आयत्या वेळी सोडलेले पोहे. बाबा दर वर्षी फेरी संपवून घरी यायचे, झोपाळ्यावर बसायचे आणि पोटावरून हात फिरवत म्हणायचे की सुलूच्या पोह्यांना तोड नाही. आई त्यांचं ताट उचलता उचलता ऐकायची.

त्या वर्षी कांडप चालू असताना, सुलूकाकी खापर बघायला उठली होती तेव्हा आईने हळूच विचारलं, "गो कांता, सुलूच्या पोह्यांक येलची असता काय जायफळ?"

मला सांगता येईना. दहा वर्षं मी ते पोहे खात आले होते आणि लक्ष दिलं नव्हतं. मी म्हटलं, तू स्वतः खाल्लेच असशील की.

"कधी खातलंय? त्या दिवशी मी तुमच्या पंगती वाढतंय." मग मुसळ उचलत ती सहज म्हणाली, "औंदा तू पण घराक ऱ्हव. चेडू मोठा झाला. माका मदत होईत."

काकीने एक वाटी पाठवून द्यावी, तेही शक्य नव्हतं. रसातले पोहे थांबत नाहीत, अर्ध्या तासात त्यांचा लगदा होतो. ते तिथेच, त्याच घटकेला, पाटावर बसूनच खायचे. आई लग्न होऊन या वाडीत आली त्याला सोळा वर्षं झाली होती. सोळा वर्षं ती ज्या पोह्यांसाठी भात कांडत होती, त्यांची चव तिला नवऱ्याच्या तोंडून कळत होती. आणि आता मीही वाढणाऱ्यांत जाणार होते. त्या दुपारी मी पहिल्यांदा बाबांची जुनी पत्रकं काढून तपासली. हुंड्यावर होती, अंगात येण्यावर होती, धबधब्यावर चार होती. चुलीवर एकही नव्हतं. सगळीकडे बंधूंनो, बंधूंनो. माझं डोकं असं तापलं की आजही तो ताप पुरता उतरलेला नाही.

बाबा शाळेत असताना मी मेणाचा कागद चोरला. लिहिलं ते मला अजून पाठ आहे: 'भगिनींनो, जाग्या व्हा. लावणी आपण केली. भात आपण भिजवले, आपण भाजले, आपण कांडले. मग खायच्या वेळी आपण चुलीपाशी का? या चावदिवशी प्रत्येक स्त्रीने घराबाहेर पडावे आणि दुसऱ्याच्या घरी पाटावर बसून गरम पोहे खावेत. एक नागरिक (स्त्री).' दहा प्रती काढायला मला तासभर लागला, आणि कोपरापर्यंत शाई लागली ती मी चिंचेने घासून काढली. प्रती वाटल्या त्या झऱ्यावर, हंड्यांच्या रांगेत. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचून दाखवलं, सगळ्याजणी खो खो हसल्या, कुणीतरी म्हणालं की मास्तराच्या चेडवाला बापाचा रोग लागला, आणि हंडे उचलून सगळ्या चालत्या झाल्या. मला वाटलं, संपलं.

पण दुसऱ्या दिवशी एकजण गोठ्याच्या आडोशाला मला थांबवून कुजबुजली, "मी जातलंय हां. कोणाक सांगा नको." मग दुसरी. मग तिसरी, जिची सासू घरात होती आणि जिने आयुष्यात कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं. सुलूकाकीसुद्धा सुपातला कोंडा पाखडता पाखडता डोळा मारून तेच म्हणाली. कोण कुठे जाणार ते कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ज्याने विश्वासाने सांगितलं त्याचं नाव फोडायचं नाही, हे बाबांचं तत्त्व माझ्यात मुरलेलं होतं. मी एकीचं दुसरीला कळू दिलं नाही. फक्त रोज संध्याकाळी उंबऱ्यावर बसून बोटं मोजायची आणि हवेत तरंगायची. चार. सहा. आठ. आदल्या संध्याकाळी नारळ खवता खवता, माझ्याकडे न बघता आई म्हणाली, "उद्या तुझो नवो परकर घाल. आपण सुलूकडे जावया." नऊ. नऊ घरांतून नऊ. त्या आनंदात मी दोनदा घरामागे जाऊन उड्या मारून आले.

नऊ घरांत चूल सांभाळणाऱ्या नऊच्या नऊ बायका बाहेर पडल्या तर वाढणार कोण, हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. पत्रकं काढणाऱ्यांचं हे असंच असतं. आज माझं अर्धं आयुष्य पत्रकं लिहिण्यात गेलंय म्हणून अधिकाराने सांगते. आम्हाला लोक जागे झालेले दिसतात. जागे झाल्यावर ते चहा कुठे पितील याचा विचार आमच्यातल्या कुणी केलेला नसतो.

चावदिवस उजाडला तो स्वच्छ, थंड आणि उटण्याच्या वासाचा. अंघोळी झाल्या, तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कडू कारीट फोडलं, गोविंदा गोविंदा ओरडलो, सातविणीच्या सालीचा जहर कडू रस नाक दाबून प्यायलो. बाबा आणि भाऊ नेहमीप्रमाणे देवळाकडे गेले. वाडीतले सगळे पुरुष तिथे जमून मग सुलूकाकीच्या घरापासून फेरीला सुरुवात करायचे. ते वळणाआड गेल्याबरोबर आईने पोह्यांवर झाकण ठेवलं, उसळ निखाऱ्यावर सरकवली, आबोलीचा गजरा माळला, आरशात पाहिलं, गजरा काढला, पुन्हा माळला आणि दाराला कडी घातली. कडी घालताना तिचा हात क्षणभर थांबला होता. मग ती अंगणातून अशी निघाली की मला तिच्यामागे पळावं लागलं.

आम्ही मोठी वाट सोडून मळ्यातून गेलो. वाटेत गवताच्या उडवीमागे कुणाचा तरी हिरवा पदर हलला आणि थांबला. आईने पाहून न पाहिल्यासारखं केलं. पलीकडच्या बांधावरून दोघीजणी तोंड फिरवून, रिकामी कळशी घेऊन, झऱ्याच्या अगदी उलट दिशेला चालल्या होत्या. मला हसू दाबता येईना. आईने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

सुलूकाकीच्या दाराला कडी होती. आईने हाक मारली, मागच्या दाराला गेली, पुन्हा पुढे आली. मागचं दार नुसतं ओढलेलं होतं. फटीतून चुलीजवळचा मोठा टोप दिसत होता, शेजारी सुपात फडक्याखाली पोहे. सगळं मांडून ठेवलेलं, फक्त काकी नव्हती. मी म्हटलं, आपणच आत जाऊन घेऊ या, काकी काय म्हणणार आहे. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे सरले.

"चोरून खाऊक इलंय काय मी?" ती म्हणाली. "कोणीतरी बस म्हणूक होया. वाढूक होया." आणि ती पायरीवर बसली. गजरा कानावर आला होता. तो तिने नीट केला नाही.

तेवढ्यात वरच्या वाटेने सुलूकाकी धापा टाकत आली, जरीच्या लुगड्यात, चपला हातात घेऊन. "गो बाय, तुझ्या घराक कडी कित्याक? तुझे तिखट पोहे गरम खाऊक म्हणान इतक्या वर चढलंय मी."

"आणि तुझ्या घराक कित्याक?" आई म्हणाली.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग उडवीमागचा हिरवा पदर आला. मग रिकाम्या कळशीवाल्या दोघी. मग एका घराला कडी, दुसऱ्या घराला कडी असं बघत बघत उरलेल्या सगळ्या, कारण सगळ्या वाटा शेवटी देवळाकडेच उतरतात. नऊजणी, ठेवणीतली लुगडी, डोक्यात फुलं, पोट रिकामं. कुणाला काही विचारायची गरज उरली नाही. नऊ तोंडं एकदम माझ्याकडे वळली आणि मग जे हसणं सुटलं ते मी तसं पुन्हा ऐकलं नाही. सुलूकाकी तुळशीवृंदावनाला धरून हसत होती. सासूवाली खालीच बसली आणि पोट धरून म्हणत राहिली की माझी सासू घरी निजलीय, तिला कळलं तर मला कारिटासारखी फोडील. आई हसता हसता रडत होती आणि पदराने माझंच तोंड पुसत होती.

त्या गोंधळात पुरुष देवळाकडून आले. वाडीतले सगळ्यात म्हातारे तातू पुढे, मागे सुलूकाकीचे यजमान बंडूकाका, बाबा आणि बाकीचे. तातूंनी सवयीने बांधावरूनच आरोळी दिली, "वयनीनू, इलो हां." आणि अंगणात नऊ बायका नटून उभ्या दिसल्यावर त्यांचा पाय तिथेच थांबला. बंडूकाका बायकोला म्हणाले की वाढ, तातू उपाशी आहेत. सुलूकाकीने डोळे पुसले. "मी आज पावणी आसय," ती म्हणाली. आपल्याच घरात? त्यांनी विचारलं. "आपल्याच घरात." आणि कमरेला खोचलेलं पत्रक काढून तिने माझ्या बाबांच्या हातात दिलं.

बाबांनी ते उभ्याउभ्या वाचलं. उजव्या कडेच्या ओरखड्यावरून त्यांचा अंगठा दोनदा फिरला. "मास्तर, मशीन तुमचाच मां?" बंडूकाकांनी विचारलं. बाबांचा चेहरा लाल झाला.  मग ते माझ्याकडे वळले. "माका न इचारता मशीन घेतलंस?"

 आता ते वळून चालू लागतील, मागोमाग सगळे, आई घरी जाऊन कडी काढेल आणि आमचे पोहे वाढायला लागेल, आणि पुन्हा कधी बाहेर पडणार नाही, एवढंच मला दिसत होतं.

"तुमी पत्रक काढतास," आई म्हणाली, "तेवा कोणाक इचारतास?"

आवाज मोठा नव्हता. पण वाडीच्या पुरुषांसमोर आई बाबांना काही विचारत होती, हे पहिल्यांदाच घडत होतं.  बाबांनी पत्रकाची घडी करून खिशात ठेवली. नंतर लोक मला विचारत आलेत की एका सकाळीने काय झालं. झालं ते असं की पुढच्या वर्षी निम्म्या घरांत पुन्हा जुनीच रीत सुरू झाली, सासूवालीला वर्षभर टोमणे खावे लागले आणि तातू मरेपर्यंत मला 'पुढारीण' म्हणत राहिले. हे मी लपवत नाही. पण जी माणसं म्हणतात की अशा लहान गोष्टींवर शक्ती वाया घालवू नये, मोठे प्रश्न पडले आहेत, त्यांनी एकदा सोळा वर्षं वाढून बघावं आणि मग मला मोठं काय ते शिकवावं.

बाबांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, चपला काढल्या आणि मागच्या दाराने सुलूकाकीच्या स्वयंपाकघरात शिरले. त्यांच्यामागून बंडूकाका, आपल्याच घरात वाट चुकल्यासारखे. आतून भांडी पडल्याचा आवाज आला. ओटीवरून सुलूकाकी ओरडून सांगत होती, फडका काढा, पोहे मूठमूठ सोडा, भसकन ओतू नका, वाट्या फळीवर आहेत, ती नव्हे, वरची. तातूंनी न सांगता आतले पाट आणून भिंतीशी मांडले. "बसा गे," ते म्हणाले. नऊजणी बसल्या. बसताना प्रत्येकीने पदर असा सावरला जसा मी फक्त लग्नाच्या पंगतीत पाहिला होता.

बाबा पहिली वाटी दोन्ही हातांत धरून आले. रस त्यांच्या बोटांवरून ओघळत होता. ते ओळीतून चालत आईपाशी आले, वाकले आणि वाटी तिच्यासमोर ठेवली. आईने चमचा घेतला नाही. वाटी तोंडाला लावून एक घोट प्यायली. सगळे थांबले. 

"गूळ नाय," आई म्हणाली.

सुलूकाकी ताडकन उठली, मग आपण पाहुणी आहोत हे आठवून पुन्हा बसली. "मास्तरानु, वरचो वरचो वाढलास. गूळ तळाक आसा. ढवळूक होया."

बाबांनी वाटी उचलली. आतून टोपात डाव घासल्याचा आवाज येऊ लागला, तळापासून, सावकाश, बराच वेळ.  ते पुन्हा आले, पुन्हा वाकले. या वेळी आईने सगळी वाटी संपवली. कशी झाली ते बाबांनी विचारलं. तिने बोटाने वाटीची कड पुसली, ते बोट चाटलं आणि रिकामी वाटी त्यांच्यापुढे धरली.